पाने पिवळी पडली की आधी कुंडी उचलून पाहावी

प्रश्न : निवृत्तीनंतर गेल्या वर्षी आम्ही दोघे पुण्यात वाकड येथे चौथ्या मजल्यावरील सदनिकेत राहायला आलो. दिवाणखान्यात मनीप्लांट, अरेका पाम आणि स्नेक प्लांट आहेत, तर उत्तरेकडील बाल्कनीत अनंत आणि तुळस आहे. जूनपासून एकेका झाडाची पाने पिवळी पडू लागली. मनीप्लांट आणि अरेकाची खालची पाने पिवळी होऊन गळतात. अनंताची मात्र शेंड्याकडील नवी पानेच पिवळी येतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. तुळस झडून काटकुळी झाली आहे. स्नेक प्लांटची दोन पाने बुडाशी मऊ पडून कोलमडली. आम्ही रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एक तांब्या पाणी घालतो. आमच्याकडे टँकरचे व बोअरचे पाणी येते, म्हणून आरओ बसवला आहे, आणि त्यातून वाया जाणारे पाणी आम्ही झाडांना देतो. नर्सरीवाल्यांनी १९:१९:१९ खत दिले, शेजाऱ्यांनी एप्सम सॉल्ट सुचवले, बहिणीने ताक घालायला सांगितले. चहाचा चोथाही घालतो. सगळे करून झाले, फरक नाही. हल्ली कुंड्यांभोवती बारीक काळ्या माश्याही फिरतात. नेमके कोणते औषध द्यावे?
— एक वाचक, वाकड

उत्तर : सप्रेम नमस्कार. औषधाचे नाव सांगण्याआधी एक विनंती आहे. पुढील दोन आठवडे कोणत्याही कुंडीत खत, एप्सम सॉल्ट, ताक, चोथा यांपैकी काहीही घालू नये. आपण झाडांकडे दुर्लक्ष केलेले नाही. उलट ज्याने जे सांगितले ते आपण मनापासून केले, आणि अडचण बरीचशी तेथूनच वाढली आहे. आपल्या पत्रात पिवळेपणा हा एकच शब्द असला तरी त्यामागे निदान तीन वेगवेगळे बिघाड दिसतात. मनीप्लांट, अरेका आणि स्नेक प्लांट यांचा बिघाड पाण्याचा आहे, अनंताचा लोहाचा आहे आणि तुळशीचा मुख्यतः उन्हाचा आहे. या तिन्हींवर एकच उपाय चालणार नाही, आणि यांपैकी एकालाही एप्सम सॉल्टची, म्हणजे मॅग्नेशियमच्या क्षाराची, गरज नाही.

हे इतक्या खात्रीने सांगता येते, कारण आपण पत्रात एक फार मोलाची गोष्ट नोंदवली आहे : कोणत्या झाडाचे जुने पान पिवळे पडते आणि कोणत्याचे नवे. बहुतेक लोक नुसते ‘पाने पिवळी पडतात’ एवढेच लिहितात आणि मग सल्ला देणाऱ्यालाही अंदाजच बांधावा लागतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला धरून नत्राचे (नायट्रोजनचे) चार अणू असतात. नत्र आणि मॅग्नेशियम ही दोन्ही द्रव्ये झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानाकडे नेता येतात, त्यामुळे त्यांची टंचाई झाली की झाड जुन्या पानातील हरितद्रव्य मोडते आणि मिळालेली सामग्री वाढत्या शेंड्याकडे पाठवते. म्हणून नत्र कमी पडले तर खालचे, जुने पान सरसकट फिकट होऊन पिवळे पडते, आणि मॅग्नेशियम कमी पडले तर त्याच जुन्या पानात शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लोहाचे तसे नाही. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, पण ते तयार होण्यासाठी लोह लागते, आणि एकदा पानात पोहोचलेले लोह झाडाला तेथून फारसे हलवता येत नाही. त्यामुळे लोह मिळेनासे झाले की जुनी पाने हिरवीगार राहतात आणि नवे पान जन्मतःच पिवळे येते.

या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे. मुळेच कुजली असतील, तर मातीत सर्व द्रव्ये भरपूर असूनही झाडाला ती घेता येत नाहीत, आणि मग खालच्या पानांवर दिसणारी लक्षणे थेट उपासमारीसारखी असतात. आपल्या मनीप्लांटचे आणि अरेकाचे हेच झाले असावे. कुंडीत अन्न आहे, ते खाणारी मुळे थकली आहेत. अशा वेळी खत घालणे म्हणजे दुखण्यात भर आहे, कारण खताचे क्षार ओल्या, अर्धमेल्या मुळांभोवती साचत राहतात.

आता ‘रोज एक तांब्या’ या नेमाकडे वळू. एप्रिल-मे महिन्यांत बाल्कनीतील कुंडीला तो कदाचित अपुराही पडला असता. जून ते सप्टेंबर या काळात मात्र हवा दमट असते, आभाळ भरलेले असते, पानांतून आणि मातीतून पाणी उडून जाण्याचे प्रमाण पुष्कळ घटते आणि दिवाणखान्यातील झाडाची पाण्याची गरज निम्म्याहून कमी होऊ शकते. झाडाचा खप कमी झाला, तांब्या मात्र तोच राहिला. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो, आणि तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांत असलेल्या हवेतून मिळतो. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण प्राणवायू हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे मूळकुजव्या रोगाचे सूक्ष्मजीव सहज बसतात. यातील फसवी गोष्ट अशी की मुळे कुजलेले झाड ओल्या मातीतही मान टाकते. माणसाला वाटते ते तहानलेले आहे, आणि तो आणखी एक तांब्या ओततो. आपण लिहिलेल्या बारीक काळ्या माश्या याच ओलीची साक्ष देतात. त्यांच्या अळ्या सतत दमट राहणाऱ्या, सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीच्या वरच्या थरात वाढतात, आणि दूध-साखरेसह टाकलेला चहाचा चोथा त्यांना फारच मानवतो. वरची माती दोन बोटे खोलीपर्यंत वाळू दिली की त्यांची संख्या आपोआप उतरते. माश्यांवर फवारा मारत बसण्याची गरज नाही.

म्हणून पाणी वारावर किंवा घड्याळावर घालू नये, कुंडी पाहून घालावे. सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणजे कुंडी उचलून पाहणे. भरपूर पाणी घातल्यावर एकदा आणि चार-पाच दिवसांनी एकदा उचलली की हाताला वजनातील फरक कळतो, आणि एकदा कळला की विसरत नाही. जी कुंडी उचलवत नाही, तिच्यात तर्जनीची दोन पेरे मातीत घालून पाहावीत. अरेकासारख्या मोठ्या कुंडीत एक कोरडी लाकडी काडी खोलवर खोचून अर्ध्या तासाने बाहेर काढावी, ती ओली आणि मातीने माखलेली निघाली तर त्या दिवशी पाणी नको. वरची माती कोरडी दिसते म्हणून फसू नये, कारण कुंडीचा वरचा थर वाळलेला आणि तळ चिखल झालेला असणे हे आपल्याकडे पावसाळ्यात नेहमीचे आहे. आणि जेव्हा पाणी घालायचे तेव्हा ते तळाच्या छिद्रातून बाहेर पडेपर्यंत घालावे, ताटलीत उतरलेले पाणी पंधरा-वीस मिनिटांत ओतून टाकावे, आणि पुन्हा कुंडी हलकी होईपर्यंत हात लावू नये. रोज थोडे थोडे पाणी घालण्यात दुहेरी तोटा आहे. माती कधीच वाळत नाही, आणि साचलेले क्षार कधीच धुऊन निघत नाहीत.

येथे तळाशी खापऱ्या आणि खडी घालण्याच्या जुन्या सवयीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण निम्म्या घरांत कुंडी भरताना तेच केले जाते आणि तसे केल्याने निचरा सुधारतो, अशी समजूत आहे. भांडी घासायचा ओला स्पंज उभा धरला तर पाणी ठिबकून थांबते, तरीही त्याचा खालचा भाग पाण्याने भरलेलाच राहतो. कुंडीतील मातीचे तसेच असते. निचरा थांबल्यावरही तळाचा एक थर संपृक्त राहतो. त्याच्याखाली खडी असली तर बारीक मातीतील पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, आणि तो ओला थर खाली न जाता उलट वर, मुळांच्या जवळ येतो. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरेसा आहे. निचरा वाढवायचा तर सबंध मिश्रणच भरड करावे लागते.

मनीप्लांट आणि अरेका यांना आता कुंडीतून बाहेर काढून पाहावे. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि टणक असते. कुजलेले मूळ काळपट, मऊ असते, त्याला आंबूस वास येतो आणि चिमटीत धरून ओढले तर वरची साल निघून हातात नुसता दोरा राहतो. अशी सर्व मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत. बहुधा आणखी एक गोष्ट दिसेल : बाहेरच्या मऊ मातीच्या आत, खोडाला लगडलेला, नर्सरीतून आलेला घट्ट चिकणमातीचा गोळा. महाराष्ट्रात विकली जाणारी पुष्कळ शोभेची झाडे आंध्र प्रदेशातील कडियम किंवा पुण्याजवळील उरुळी कांचन अशा भागांतील रोपवाटिकांतून येतात, आणि लांबच्या प्रवासात मुळे उघडी पडू नयेत म्हणून असा गोळा त्यांच्या सोयीचा असतो. आपल्या कुंडीत मात्र तो एकतर दगडासारखा वाळतो किंवा दिवसेंदिवस भिजलेला राहतो. मनीप्लांटचा गोळा पाण्याच्या बादलीत हलक्या हाताने सोडवून काढता येईल. अरेकाच्या बाबतीत एवढे धाडस करू नये. पामवर्गीय झाडांना मुळांची ओढाताण सोसत नाही, त्यामुळे कडेची माती बोटाने सैल करून, कुजलेली मुळे तेवढी कापून थांबावे.

नव्या मिश्रणासाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग बागेची माती आणि एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके, पांढरे खडे) असे प्रमाण घेता येईल. परलाइट नसेल तर जाड वाळू किंवा विटांचा भरड चुरा चालतो, बारीक वाळू मात्र नको. कोकोपीटची वीट भिजवल्यावर तिचे पाणी दोनदा पिळून टाकावे, कारण स्वस्त विटांत क्षार असतात. मुळे कापली असतील तर कुंडी आहे तीच किंवा तिच्याहून लहान घ्यावी. ‘जरा मोकळी जागा मिळू दे’ म्हणून मोठी कुंडी देण्याचा मोह होतो, पण ज्या मातीपर्यंत मुळे पोहोचत नाहीत ती माती आठवडा आठवडा ओली राहते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. देखणी, छिद्र नसलेली चिनी मातीची कुंडी असेल तर तिच्यात थेट झाड लावू नये, आतली प्लॅस्टिकची कुंडी काढता-घालता येईल अशी ठेवावी. मनीप्लांटच्या निरोगी वेलीचे दोन-तीन तुकडे, प्रत्येकावर एखादे पेर असेल असे, आधीच पाण्याच्या बाटलीत लावून ठेवावेत. मूळ झाड वाचले नाही तरी वाण हातात राहील.

अरेकाबद्दल दोन खुलासे करतो. त्याच्या पानांचे देठ आणि बुंध्याजवळचा भाग पिवळसर असणे नैसर्गिक आहे, त्याला रोग समजू नये. आणि त्याची अर्धवट पिवळी झालेली झावळी सौंदर्यासाठी कापू नये, कारण पाम अशा जुन्या पानांतून पालाश (पोटॅशियम) काढून नव्यांना पुरवत असतो. ती कापली तर वरचे पान लवकर पिवळे पडते. पूर्ण वाळेल तेव्हाच काढावी. त्याच्या पानांची टोके तपकिरी होऊन करपत असतील, तर ते क्षारांचे लक्षण आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

स्नेक प्लांटची कहाणी थोडक्यात संपते. ते मूळचे पश्चिम आफ्रिकेतील कोरड्या भागातील झाड आहे, पाणी पानांत आणि जमिनीखालील जाड खोडात साठवते, आणि पावसाळ्यात घरातल्या कुंडीत त्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी पुरे होते. बुडाशी मऊ पडलेली पाने परत उभी राहणार नाहीत. त्यांचा वरचा टणक भाग बोटभर लांबीचे तुकडे करून दोन-तीन दिवस सावलीत वाळवावा आणि जवळजवळ कोरड्या मिश्रणात, पानाची खालची बाजू खालीच राहील असा, खोचावा. पिवळ्या काठाची जात असेल तर पानाच्या तुकड्यातून येणारे नवे रोप बहुधा साधे हिरवे येते, हे आधीच सांगून ठेवतो.

आता अनंत. आपल्या पत्रातील हा भाग मला सर्वांत रोचक वाटला, कारण येथे दोष पाण्याच्या प्रमाणात कमी आणि पाण्याच्या जातीत जास्त आहे. नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या हे लोहाच्या टंचाईचे ठळक लक्षण आहे. ज्यांचा शेतीशी संबंध आहे, त्यांनी चुनखडीच्या जमिनीतील उसावर पडणारा ‘केवडा’ पाहिला असेल. अनंताला झालेला आजार त्याच जातीचा आहे. मातीत लोह नसते असे नाही. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीत ते मुबलक असते. पण माती जसजशी अल्कधर्मी होत जाते तसतसे लोह न विरघळणाऱ्या रूपात जाते आणि मुळांना घेता येत नाही. अनंताला ५ ते ६ सामू (पीएच) असलेली आम्लधर्मी माती आवडते. बोअरच्या कठीण पाण्यात बायकार्बोनेट असतात आणि ती प्रत्येक तांब्याबरोबर कुंडीतील मातीचा सामू थोडा थोडा वर नेतात. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर किंवा मातीवर पांढरी पुटे चढली असतील तर ही गोष्ट डोळ्यांनीच दिसेल.

त्यात भर आरओच्या टाकाऊ पाण्याची. पाणी वाया जाऊ नये ही आपली भावना योग्यच आहे, पण हे पाणी म्हणजे मूळ पाण्यातील जवळजवळ सगळे क्षार कमी पाण्यात गोळा झालेले असतात. यंत्र १ लिटर शुद्ध पाण्यामागे ३ लिटर पाणी टाकत असेल, तर टाकाऊ पाण्यातील क्षार मूळ पाण्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने वाढलेले असतात. निम्मे-निम्मे असेल तर जवळपास दुप्पट होतात. मूळ पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ८०० असेल तर कुंडीत जाणारे पाणी पहिल्या स्थितीत १०५० च्या पुढे आणि दुसऱ्या स्थितीत १६०० च्या आसपास जाईल. ज्यांच्याकडे धरणाचे कमी क्षारांचे पाणी येते, त्यांनी हेच टाकाऊ पाणी झाडांना घातले तर सहसा काही बिघडत नाही, आणि म्हणूनच एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याने जाऊ नये. आपल्या घरी ते पाणी फरशी पुसायला, संडास धुवायला वापरावे. झाडांसाठी सध्या सर्वांत उत्तम पाणी आपल्या बाल्कनीबाहेर पडत आहे : पावसाचे. बादली भरून ठेवावी, झाकण किंवा कापड मात्र लावावे, नाहीतर डास होतील. पावसाळ्यानंतर जेव्हा महापालिकेचे पाणी येईल तेव्हा ते झाडांसाठी साठवावे.

पहिला उपाय कुंडी धुण्याचा. चांगला निचरा असलेल्या कुंडीत तिच्या आकारमानाच्या तीन-चार पट पावसाचे पाणी सावकाश ओतून तळातून निघू द्यावे, म्हणजे साचलेले क्षार बरेचसे उतरतील. यामुळे माती पूर्ण भिजेल, म्हणून त्यानंतर ती नीट वाफशावर येईपर्यंत, म्हणजे जादा ओल जाऊन भुसभुशीत होईपर्यंत, पाणी बंद. अतिओल्या मातीतही लोह शोषले जात नाही, हे येथे विसरू नये. दुसरा उपाय पानांवाटे लोह देण्याचा. कृषी सेवा केंद्रात हिराकस मिळते, तेच फेरस सल्फेट. १ लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत विरघळवून, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंना बारीक तुषार बसतील असे फवारावे आणि १०-१२ दिवसांनी पुन्हा एकदा करावे. हिराकस फिकट हिरव्या खड्यांचे असावे. पिवळट तपकिरी भुकटी झालेले हिराकस हवेने बिघडलेले असते, ते घेऊ नये. द्रावण त्याच दिवशी संपवावे, आणि फरशीवर जुने वर्तमानपत्र अंथरावे, कारण त्याचे गंजासारखे डाग निघता निघत नाहीत. हेच हिराकस मातीत घातले तर अल्कधर्मी कुंडीत थोड्याच दिवसांत निकामी होते. मातीतूनच द्यायचे असेल तर पाकिटावर ईडीडीएचए असे लिहिलेले चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा विद्राव्य रूपात बांधून ठेवलेले लोह, घ्यावे, पाकिटावरील प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करावी. ईडीटीए लिहिलेले लोह स्वस्त असते, पण सामू वर गेलेल्या मातीत ते टिकत नाही.

ताकाविषयी बहिणीचा सल्ला अगदीच निराधार नाही. आंबट ताकाने मातीचा वरचा थर काही काळ आम्लधर्मी होतो, आणि कढीपत्त्याला ताक घालणारी घरे महाराष्ट्रात जागोजाग आहेत. पण ज्या कुंडीत रोज कठीण पाणी पडते तेथे त्या ताकाचा परिणाम दोन दिवसांत पुसला जातो, आणि घरातल्या कुंडीत त्याचा वास आणि चिलटे मात्र मागे राहतात. अंगणातल्या झाडाला घालावे, दिवाणखान्यात नको. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. आपल्या एकाही झाडात जुन्या पानाच्या शिरांमध्ये पिवळेपणा नाही, म्हणजे मॅग्नेशियमची टंचाई दिसत नाही, आणि कठीण पाण्यातून ते बहुधा मिळतही असते. गरज नसताना घातलेले कोणतेही मीठ कुंडीत मीठच असते. समाजमाध्यमांवर त्याला रामबाण ठरवून जो प्रचार चालतो, तो मला बेजबाबदार वाटतो.

तुळशीला रोज किमान चार-पाच तास थेट ऊन लागते. आपली बाल्कनी उत्तरेची आहे. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे त्या काळात उत्तरेच्या बाल्कनीतही ऊन येते. पण त्यातला मोठा भाग ढगांत जातो, आणि ऑगस्टनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकत राहतो तसा तेथे थेट उन्हाचा कवडसाही उरत नाही. ‘भरपूर उजेड आहे’ असे आपल्याला वाटते, कारण डोळा अंधूक प्रकाशाशी फार लवकर जुळवून घेतो. निरभ्र दुपारी उघड्यावर १ लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, आणि खिडकीपासून दहा फूट आत तो काही शे लक्सवर किंवा त्याहून खाली आलेला असतो. मोबाइलवरील लक्स मोजणारे अॅप अचूक नसले तरी दोन जागांची तुलना करायला पुरेसे आहे, आणि मनीप्लांट-अरेका यांच्यासाठी जागा निवडतानाही ते वापरावे. तुळस मात्र गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात उन्हात ठेवता आली तरच तगेल. तेथे नेताना एकदम कडक उन्हात न ठेवता आठवडाभर सकाळच्या उन्हाची सवय करावी. मंजिऱ्या आल्या की झाडाची शक्ती बियांत जाते आणि खालची पाने पिवळी होऊन गळतात, म्हणून त्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात. ज्या दिवशी तुळस खुडत नाहीत ते दिवस सोडून हे करता येईल. पूजेचे पाणी पळीभर घालावे. तांब्याभर घालण्याचा नेम वृंदावनातील, उन्हातल्या तुळशीला शोभतो, आठ इंची कुंडीला नाही. शिवाय तुळस फार वर्षे जगणारे झाड नव्हे. दोन-तीन वर्षांची झाली असेल तर वाळलेल्या मंजिरीतले बी पेरून नवी रोपे तयार ठेवणेच शहाणपणाचे.

खताची वेळ झाडांना नवी पाने फुटू लागल्यावर येईल, त्याआधी नाही. तेव्हा दहा इंची कुंडीला महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते. १९:१९:१९ वापरायचेच असेल तर १ लिटर पाण्यात १ ग्रॅमहून अधिक नको, तेही ओल्या मातीत, महिन्यातून एकदा, आणि थंडीत बंद. त्यात नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही असतात, पण लोह नसते. अनंताला त्याने फरक का पडला नाही, याचे उत्तर तेथेच आहे. चहाचा चोथा दूध-साखर निघून जाईपर्यंत धुऊन, कंपोस्टच्या डब्यात कुजवून मगच वापरावा.

एक तपासणी आपल्या पत्रात राहून गेली आहे, ती म्हणजे पानाची पाठ. पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके असतील आणि मागे अतिसूक्ष्म जाळे दिसले तर तो लाल कोळी. देठांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. दोन्हींसाठी आधी पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवावे, मग १ लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या साबणद्रवाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे, आणि आठवड्याने पुन्हा. हिराकस आणि निंबोळी तेल एका दिवशी, एका पंपात एकत्र करू नये.

परिणाम पाहताना चुकीच्या पानाकडे पाहू नये. मनीप्लांटचे पूर्ण पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, ते काढून टाकावे, आणि मुळे कापल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत आणखी दोन-चार पाने गेली तर घाबरून पुन्हा तांब्या हातात घेऊ नये. कुंडी बदलली त्या दिवशीच्या शेंड्याखाली दोरा बांधून ठेवावा. दोऱ्याच्या वर जे फुटेल तेवढ्यावरच निर्णय करावा. अनंताच्या पिवळ्या पानांवर मात्र फवारणीनंतर आठवड्या-दीड आठवड्यात हिरवे ठिपके उमटू लागले, तर निदान बरोबर आहे असे समजावे. दोन फवारण्यांनंतरही तसे काही झाले नाही, तर पुन्हा लिहावे, आणि त्या पत्रात बोअरच्या पाण्याचा टीडीएस, सामू आणि कुंडीतून काढलेल्या मुळांचा रंग एवढे अवश्य कळवावे.